स्वतंत्र बाण्याच्या मुलीने सैन्यात अधिकारी व्हावे का?

कृष्णाकाठ_६२ :

माझी धाकटी मुलगी सतरा वर्षांची आहे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, म्हणजेच एनडीएची लेखी परीक्षा ती उत्तीर्ण झाली असून पुढील महिन्यात तिला एसएसबीच्या, म्हणजे सैन्यदलाच्या निवड मंडळाच्या, मुलाखतीसाठी जायचे आहे. घरात आनंद आहे, परंतु त्याबरोबर दोन तटही पडले आहेत. माझे थोरले बंधू म्हणतात की ही मुलगी सैन्यात सहा महिने टिकणार नाही, कारण 'का?' असे विचारल्याशिवाय हिने आजवर पाण्याचा तांब्यासुद्धा उचललेला नाही. तिच्या आईचे म्हणणे नेमके उलट आहे; जिला कोणी वाकवू शकत नाही तिनेच तिथे जावे, असे ती म्हणते. मी स्वतः चौतीस वर्षे बँकेत काढली. वरून परिपत्रक आले की ते फाइलला लावायचे आणि त्याप्रमाणे वागायचे, एवढाच माझा शिस्तीचा अनुभव असल्यामुळे या वादात निवाडा देण्याची माझी पात्रता नाही.

मुलीचे वर्णन करायचे तर ती करारी आहे. (मुलगा असता तर नातेवाईकही हाच शब्द वापरते, मुलगी असल्यामुळे ते 'हट्टी' म्हणतात, हेही नमूद करतो.) एखादी गोष्ट पटली की त्यासाठी ती रात्रीचा दिवस करते. मोठ्यांचा मान ठेवते, परंतु केवळ वयामुळे कोणाचे म्हणणे खरे ठरते असे मानत नाही. नियम ती सहसा मोडत नाही, पण नियमामागचे कारण तिला कळावे लागते. अशा स्वभावाच्या व्यक्तीला सैन्यातील अधिकाऱ्याची नोकरी मानवते का, हे ज्यांनी वर्दी घातली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. देशभक्तीची भाषणे घरात पुरेशी झालेली आहेत.

चिकित्सक :

आपण वर्दीतल्यांना विचारले आहे आणि मी वर्दी घातलेली नाही, तरीही लिहितो, कारण माझा मुद्दा कायद्याचा आहे. सैन्यदलातील व्यक्तींचे मूलभूत हक्क किती मर्यादित करायचे हे ठरवण्याचा अधिकार राज्यघटनेच्या कलम ३३ ने संसदेला दिलेला आहे, आणि १९५० च्या लष्कर अधिनियमाच्या कलम २१ मध्ये त्याचा वापरही झालेला आहे. संघटनेचे सभासद होणे, सभा-निदर्शनांत भाग घेणे, वृत्तपत्रांशी बोलणे, या सर्वांवर तिथे निर्बंध येतात. वरिष्ठाची आज्ञा न पाळणे हा त्याच अधिनियमाच्या कलम ४१ नुसार गुन्हा असून त्यासाठी तुरुंगवास होऊ शकतो. बँकेत आपण साहेबांशी वाद घातला असतात तर फार तर गडचिरोलीला बदली झाली असती. ज्या मुलीला प्रत्येक गोष्टीचे कारण हवे असते तिने वकिली, संशोधन किंवा पत्रकारिता पाहावी; तिथे 'का' विचारण्याचेच पैसे मिळतात.

एसएसबी_सोबती :

आमच्या तालुक्यातील मुलामुलींची एसएसबीची तयारी मी काही वर्षांपासून हौस म्हणून करून घेत आहे, त्यामुळे निवडीच्या बाजूने लिहितो. पाच दिवसांच्या या प्रक्रियेत उमेदवाराचे पंधरा गुण तपासले जातात. त्या यादीत पुढाकार, निर्धार, धैर्य, आत्मविश्वास, चटकन निर्णय घेण्याची क्षमता आणि गटावर प्रभाव पाडण्याची क्षमता हे गुण आहेत. म्हणजे ज्याला स्वतःचे मत नाही अशा आज्ञाधारक बाळाची तिथे डाळ शिजत नाही. परंतु त्याच यादीत सहकार्य, सामाजिक जुळवून घेणे आणि जबाबदारीची जाणीव हेही आहे, आणि करारी मुले बहुधा इथेच अडकतात.

मैदानावरच्या गटकार्यात फळी, बल्ली आणि दोर यांच्या साहाय्याने संपूर्ण गटाला अडथळे पार करायचे असतात, आणि लाल रंगाच्या भागाला कोणाचाही स्पर्श होऊन चालत नाही. नेता नेमलेला नसतो. आमच्या सरावात एका मुलाची युक्ती दरवेळी बरोबर असायची, पण गटाने दुसऱ्याची युक्ती उचलली की तो हाताची घडी घालून बाजूला उभा राहायचा आणि ती फसण्याची वाट पाहायचा. ती फसली की त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसायचे. तो मुलगा दोनदा एसएसबीला जाऊन परत आला. दुसरी एक मुलगी होती. ती आपले म्हणणे दोनदा स्पष्टपणे मांडायची, गटाने ऐकले नाही तर दुसऱ्याच्या युक्तीतली बल्ली स्वतः धरून उभी राहायची, आणि गाडे अडले की त्याच बल्लीवर उभी राहून तिसऱ्यांदा आपले म्हणणे मांडायची. निर्धार दोघांतही होता. तिचा निर्धार सर्वांना पलीकडे नेण्याचा होता आणि त्याचा स्वतः बरोबर ठरण्याचा, एवढाच फरक मला दिसला.

एक व्यावहारिक सूचना. मानसशास्त्रीय चाचण्यांत साठ शब्द एकामागून एक दाखवतात, प्रत्येकाला पंधरा सेकंद मिळतात आणि तेवढ्यात वाक्य लिहायचे असते. शेवटी पंधरा मिनिटांत स्वतःचे वर्णन लिहायचे असते. त्यात आई-वडील, शिक्षक, मित्रमंडळी आपल्याविषयी काय म्हणतात आणि आपण स्वतः काय म्हणतो, हे विचारलेले असते. तिथे करारीपणा झाकून गोड लिहिणारी मुले साठ शब्दांच्या चाचणीत उघडी पडतात, कारण पंधरा सेकंदांत सोंग आणता येत नाही.

जुनी_पलटण :

पायदळात अठ्ठावीस वर्षे काढून मी निवृत्त झालो. त्यातली काही वर्षे प्रशिक्षक होतो, त्यामुळे आपल्या मुलीसारखी बरीच मुले पाहिली आहेत. अर्थात त्या वेळी सगळे मुलगेच होते.

प्रथम चिकित्सक यांच्या मुद्द्यात भर घालतो. कलम ४१ मध्ये 'कायदेशीर आज्ञा' असा शब्दप्रयोग आहे आणि त्यातले विशेषण शोभेचे नाही. त्याच अधिनियमाच्या कलम २६ व २७ मध्ये अनुक्रमे जवानांना आणि अधिकाऱ्यांना वरिष्ठांविरुद्ध दाद मागण्याचा मार्ग दिलेला आहे, आणि २००७ च्या कायद्याने सशस्त्र दलांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणही स्थापन झाले. तक्रार करणाऱ्याला तिथे फुलांच्या पायघड्या घातल्या जातात असे मी म्हणणार नाही. मार्ग आहे, तो अरुंद आहे, आणि त्यावरून चालणाऱ्याचे पाय सोलवटतात. तरीही 'तिथे प्रश्नच विचारता येत नाही' हे बाहेरच्यांनी करून घेतलेले चित्र चुकीचे आहे.

सैन्यात लढाईची आज्ञा कशी दिली जाते, ते सांगतो. आज्ञेला ठरलेला साचा असतो. आधी शत्रूची व आपली परिस्थिती सांगितली जाते, नंतर कामगिरी, नंतर ती कशी पार पाडायची याची रूपरेषा, नंतर दारूगोळा, रसद, जखमींची व्यवस्था, आणि शेवटी संपर्क कसा राखायचा ते. प्लॅटूनच्या अधिकाऱ्याला केवळ त्याची टेकडी दाखवली जात नाही. त्याच्या वरच्या कंपनीला काय साधायचे आहे, हेही त्याला माहीत असावे लागते. याचे कारण सरळ आहे. रात्री दोन वाजता वायरलेस बंद पडतो, ठरलेली वाट सुरुंगांनी भरलेली निघते, आणि तेवीस वर्षांच्या पोराला तीस माणसांचे काय करायचे ते एकट्याने ठरवावे लागते. वरच्याचा हेतू त्याला माहीत असेल, तरच तो योजना मोडूनही कामगिरी पुरी करू शकतो. आपली मुलगी जे 'का' विचारते, ते आमच्या साच्यात आधीच लिहून ठेवलेले आहे.

आज्ञा देऊन झाली की विचारले जाते, 'कोई शक?' भारतीय सैन्यात शिकलेल्या कोणालाही हे दोन शब्द झोपेत ऐकू येतात. हे दोन शब्द उच्चारले जाईपर्यंत, आणि उच्चारल्यानंतरची काही मिनिटे, आपल्या मुलीचा काळ असतो. तिने तोंड उघडलेच पाहिजे. न उघडणारा अधिकारी माझ्या लेखी कामचुकार आहे. पण त्यानंतर निर्णय झाला, आणि तो तिच्या मताविरुद्ध झाला, तर टेकडी तिला अशी घ्यायची आहे की ही योजना तिचीच होती असे तिच्या जवानांना वाटावे. तोंड वाकडे करून चढणाऱ्या अधिकाऱ्यामागे माणसे मनापासून चढत नाहीत.

म्हणून ती 'का' विचारते का, याची मला चिंता नाही. उत्तर पटले नाही, आणि तरीही ते करायचे असे ठरले, तर त्यानंतर ती काय करते? एखादा खरा प्रसंग असेल तर सांगा.

हवालदार_माणदेशी :

मी सतरा वर्षे शिपाई ते हवालदार अशी नोकरी केली. साहेबांनी वरच्यांविषयी लिहिले, मी खालच्यांविषयी लिहितो. करारी अधिकारी आम्हाला आवडतो, कारण वरून काही अन्याय आला तर तो पलटणीच्या बाजूने उभा राहतो. परंतु काही जणांचा करारीपणा वर बघताना नरम आणि खाली बघताना कडक होतो. आमच्याकडे एक नवे लेफ्टनंट साहेब आले होते. बर्फाळ भागात गस्तीवरून परतताना त्यांनी नकाशावर जवळची दिसणारी नाल्याची वाट धरली. दुपारनंतर त्या नाल्यात वरून बर्फ सुटते, असे सुभेदार साहेबांनी एकदा सांगितले, दुसऱ्यांदा सांगितले. निर्णय आपला आहे, असे साहेब म्हणाले. सगळे जिवंत परतलो, पण सहा तास उशिरा, आणि दोघांच्या बोटांना हिमबाधा झाली. सुभेदार साहेबांची नोकरी त्या साहेबांच्या वयाहून जास्त होती. पुढे तेच साहेब फार चांगले अधिकारी झाले, हेही सांगितले पाहिजे. पण ती दोन माणसांची बोटे गेली ती गेली.

मुलीने वयाला मान द्यावा असे मी म्हणत नाही. वयामुळे कोणी खरा ठरत नाही हे तिचे म्हणणे बरोबर आहे, पण त्या नाल्यात बावीस हिवाळे काढल्यामुळे माणूस खरा ठरू शकतो.

कृष्णाकाठ_६२ :

जुनी_पलटण यांनी विचारले म्हणून दोन प्रसंग लिहितो, आणि दोन्ही लिहितो, कारण केवळ पहिला लिहिला असता तर बापाची वकिली झाली असती.

मागील वर्षी एनसीसीच्या दहा दिवसांच्या शिबिरात ती आपल्या तुकडीची प्रमुख होती. रात्री कोणीतरी गोंधळ केला म्हणून संपूर्ण तुकडीला दुसऱ्या दिवशी उन्हात उभे राहण्याची शिक्षा झाली. गोंधळ तिच्या तुकडीने केलेला नव्हता. ती शिबिरातल्या अधिकाऱ्यांकडे गेली आणि तसे सांगितले. शिक्षा कायम राहिली. प्रमुख म्हणून तिला सावलीत उभे राहण्याची मुभा होती, पण ती तुकडीच्या पहिल्या रांगेत शेवटपर्यंत उभी राहिली, आणि संध्याकाळी शिबिरप्रमुखांना लेखी निवेदन दिले. त्याचे पुढे काही झाले नाही. घरी आल्यावर ती याबद्दल फारसे बोललीही नाही. मला तिच्या मैत्रिणीकडून कळले.

दुसरा प्रसंग अकरावीतला. महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघात तिची जागा बदलण्यात आली. तिला ती जागा पसंत नव्हती, तिने प्रशिक्षकांशी वाद घातला, त्यांनी ऐकले नाही, आणि स्पर्धा दहा दिवसांवर असताना तिने संघ सोडला. संघ पहिल्याच फेरीत हरला. ती म्हणाली, 'मी आधीच सांगितले होते.'

बखरवाचक :

दुसरा प्रसंग वाचून मला नेसरी आठवली. लहान तोंडी मोठा घास वाटेल, पण मुद्दा स्वभावाचाच आहे.

१६७३ साली उमराणीजवळ स्वराज्याचे सरनौबत, म्हणजे सेनापती, प्रतापराव गुजर यांनी विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार बहलोलखान याला कोंडीत पकडले आणि त्याने शरणागतीची भाषा करताच स्वतःच्या अखत्यारीत सोडून दिले. शिवाजी महाराजांना हे मुळीच रुचले नाही, कारण सुटलेला खान पुन्हा स्वराज्यावर येणार हे उघड होते आणि तो आलाही. महाराजांचे कठोर शब्द प्रतापरावांच्या जिव्हारी लागले, आणि २४ फेब्रुवारी १६७४ रोजी गडहिंग्लजजवळच्या नेसरीच्या खिंडीत, परंपरा सांगते त्याप्रमाणे अवघ्या सहा स्वारांसह, ते खानाच्या फौजेवर तुटून पडले आणि मारले गेले. आपण या प्रसंगाचे पोवाडे गातो आणि ते गायलेच पाहिजेत. पण राज्याभिषेकाला चार महिनेही उरले नसताना सरनौबत गमावणे महाराजांना परवडणारे होते काय, हा प्रश्न आपण पोवाड्यात विचारत नाही. उमराणीला त्यांनी स्वतंत्र निर्णय घेतला, तो चुकला असेल, पण तो सेनापतीचा निर्णय होता. नेसरीला निर्णय सेनापतीने घेतलाच नाही. दुखावलेल्या माणसाने घेतला. दहा दिवसांवर स्पर्धा असताना संघ सोडणाऱ्या मुलीत मला हीच ठिणगी दिसते. पराक्रम आहे, पण तो कुठे खर्च करायचा हे राग ठरवतो.

जुनी_पलटण :

बखरवाचक, आपण सतराव्या वर्षाच्या मुलीवर जरा जड माप टाकलेत, पण माप योग्य आहे. पहिल्या प्रसंगातील मुलगी मला आज कंपनीत मिळाली तर मी आनंदाने घेईन. दुसऱ्या प्रसंगातील 'मी आधीच सांगितले होते' हे वाक्य मला खटकले, संघ सोडण्याहून अधिक खटकले. प्रबोधिनीत तीन वर्षे आणि नंतर डेहराडूनच्या लष्करी प्रबोधिनीत एक वर्ष असते, त्या चार वर्षांत हे वाक्य घासून निघते. ज्यांचे निघत नाही ते पुढे जातात आणि कडवट होतात.

शेवटची_चौकी :

मी अल्पसेवा कमिशनवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या अधिकारीपदावर, दहा वर्षे सेवा केली आणि पुढे मुदत वाढवून न घेता बाहेर पडले, तेव्हा माझा अनुभव या धाग्याला थोडा वेगळा जोडला जाईल. वर सर्वांनी टेकडी, बर्फ आणि खिंड यांविषयी लिहिले. माझ्यासारख्या स्वतंत्र बाण्याच्या बाईला तिथे काहीच त्रास झाला नाही. दूरच्या ठाण्यावर माणसे थोडी असतात, काम खूप असते, आणि जिला काम येते तिचे मत आपोआप ऐकले जाते. मी थकले ती शांततेच्या छावणीत. शनिवारी मेसमध्ये कोणत्या समारंभाला हजर राहायचे, रजा कोणत्या आठवड्यात मागायची, साहेबांच्या पत्नीने ठरवलेल्या कार्यक्रमात कोणता रंग नेसायचा, अशा गोष्टींत 'कोई शक?' कोणी विचारत नाही आणि कोणी शंका काढली तर ते उद्धटपणात जमा होते.

याच्या मुळाशी वार्षिक गोपनीय अहवाल आहे. एक अधिकारी तो लिहायला घेतो, दुसरा तपासतो, तिसरा त्यावर शेवटचे मत देतो, आणि अशा अहवालांच्या थप्पीवर कर्नलपदाची निवड होते. कॅप्टन दोन वर्षांनी, मेजर सहा वर्षांनी, लेफ्टनंट कर्नल तेरा वर्षांनी, इथपर्यंतची बढती कालबद्ध असते. त्यापुढे मनोरा निमुळता होतो आणि अर्ध्या गुणाने माणूस मागे राहतो. एखाद्या वर्षी आपण वरिष्ठाला नको ते खरे सांगितले, तर त्याची किंमत बारा वर्षांनी निवड मंडळासमोर चुकवावी लागू शकते, आणि त्या वेळी ती कशाची किंमत आहे हे कोणाच्या लक्षातही नसते. मला चांगले वरिष्ठ अधिक भेटले, वाईट एकच भेटला. पण त्या एकाच्या दोन वर्षांत मी जेवढे शब्द गिळले तेवढे आयुष्यात गिळले नव्हते.

तरीही आपल्या मुलीला जाऊ द्या, असेच मी सांगेन. माझ्या वेळी एनडीएचे दार मुलींना बंद होते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२२ साली मुलींची पहिली तुकडी खडकवासल्याला दाखल झाली आणि ३० मे २०२५ रोजी त्यातल्या सतरा जणी संचलन करून बाहेर पडल्या. हे दार कोणा आज्ञाधारक बायकांनी उघडले असे आपल्याला वाटते काय?

चिकित्सक :

शेवटची_चौकी यांनी माझेच म्हणणे अधिक चांगल्या शब्दांत मांडले. मी दोन उदाहरणे देतो. १९६२ च्या सप्टेंबरात तेहतिसाव्या कोअरचे (कोअर म्हणजे अनेक डिव्हिजनांचा सैन्यसमूह) प्रमुख लेफ्टनंट जनरल उमराव सिंग यांनी चीनच्या सीमेवरील थागला कड्यावरची कारवाई अव्यवहार्य आहे असे वरिष्ठांना सांगितले, तर ऑक्टोबरच्या आरंभी त्यांच्याकडून ती आघाडीच काढून घेऊन नव्या चौथ्या कोअरकडे देण्यात आली. पुढे तिथल्याच नामका चू नदीकाठी चिनी हल्ल्यात आपल्या ब्रिगेडची वाताहत झाली, ते सर्वांना ठाऊक आहे. दुसरे, ३० डिसेंबर १९९८ रोजी नौदलप्रमुख विष्णू भागवत यांना सरकारने सेवेतून बडतर्फ केले. त्या प्रकरणात कोण बरोबर होते यावर दोन मते आहेत, पण उपप्रमुखाच्या नेमणुकीवरून सरकारशी झालेल्या वादाचा शेवट तिथे झाला, हे खरे आहे. व्यवस्थेला स्वतंत्र बाणा हवा असतो तो पाठ्यपुस्तकापुरता, एवढेच मला म्हणायचे आहे.

जुनी_पलटण :

भागवत प्रकरण इथे नको. सरकार आणि सेनाप्रमुख यांच्यातले ते भांडण निराळे आहे, आणि सतरा वर्षांच्या मुलीला त्यातून काही घेण्यासारखे नाही. उमराव सिंग यांचे उदाहरण मात्र रास्त आहे आणि ते मी नाकारत नाही. परंतु त्याच युद्धाच्या आधीचा एक माणूस आपल्या मातीतला आहे, त्याच्याविषयी सविस्तर लिहितो, कारण माझे सगळे म्हणणे त्या एका चरित्रात सामावलेले आहे.

लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात हे कोल्हापूर जिल्ह्यातील वडगावचे. १९४५ साली ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत त्यांनी पंजाब रेजिमेंटच्या बटालियनचे नेतृत्व केले आणि त्यांना डीएसओ हे ब्रिटिश लष्करी पदक मिळाले. कोरियन युद्धानंतर, १९५३-५४ मध्ये, युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी गेलेल्या भारतीय संरक्षक दलाचे ते प्रमुख होते. एका छावणीतील कैद्यांनी भारतीय मेजरला ओलीस धरले, तेव्हा थोरात स्वतः कुंपणाच्या आत गेले आणि गोळी न झाडता त्याला सोडवून आणले. आज ज्याला कीर्तिचक्र म्हणतात, तो सन्मान त्यांना मिळाला. छावणीवर गोळीबार करणे त्यांच्या अधिकारात होते. आत जाण्याचा हुकूम मात्र त्यांना कोणी दिलेला नव्हता.

१९५७ पासून ते पूर्व विभागाचे सेनाप्रमुख होते. ऑक्टोबर १९५९ मध्ये त्यांनी नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचलच्या, संरक्षणाविषयी एक टिपण दिल्लीला पाठवले. त्याचा आशय असा होता की सीमारेषेवरची प्रत्येक चौकी धरून बसू नये. पुढच्या चौक्या इशाऱ्यापुरत्या ठेवाव्यात आणि खरी लढाई मागे, जिथे आपली रसद पोहोचते आणि शत्रूची ताणली जाते अशा रेषेवर द्यावी. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी हे विचार घबराट पसरवणारे ठरवून बाजूला सारले. थोरातांनी त्यावर वृत्तपत्रांत लेख लिहिला नाही आणि हातपाय गाळूनही बसले नाहीत. मार्च १९६० मध्ये त्यांनी लखनौला 'लाल किल्ला' नावाचा सराव घडवून आणला आणि चीनने हल्ला केला तर कोणती ठाणी कशी पडत जातील, हे अधिकाऱ्यांसमोर मांडून दाखवले. १९६१ साली लष्करप्रमुख थिमय्या यांनी आपल्यामागे थोरातांचे नाव सुचवले, परंतु नेमणूक प्राणनाथ थापर यांची झाली आणि थोरात निवृत्त झाले. दीड वर्षाने युद्ध झाले. त्यानंतर पंडित नेहरूंनी त्यांना बोलावून घेतले, ते टिपण मागवून पाहिले आणि त्यांना राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर नेमले.

या माणसाला लष्करप्रमुखपद मिळाले नाही, हे चिकित्सक म्हणतील, आणि ते खरे आहे. लेफ्टनंट जनरल सगत सिंग यांचेही तसेच. १९६१ साली गोव्यात त्यांच्या छत्रीधारी ब्रिगेडकडे दुय्यम आघाडी होती, पण पणजीला सर्वांत आधी तीच पोहोचली. १९६५ मध्ये सिक्कीमच्या सीमेवरील नथु ला सोडण्याची सूचना आली असताना त्यांनी ती खिंड सोडली नाही. शेजारची जेलेप ला मोकळी झाली आणि तिथे चिनी येऊन बसले. १९७१ च्या बांगलादेश युद्धात त्यांच्या कोअरची कामगिरी मेघना नदीपर्यंतच होती, तर त्यांनी हेलिकॉप्टरने सैन्य पलीकडे उतरवून ढाक्याचा रस्ता धरला. ते कोअरप्रमुख म्हणूनच निवृत्त झाले. दोघांनी किंमत दिली. ती द्यावी लागेल हे कृष्णाकाठ यांच्या मुलीला आधीच सांगितलेले बरे. परंतु सगत सिंग यांच्यासारखे पाऊल उचलायचे तर जागा त्यांच्यासारखी स्वतः पायी पाहिलेली असावी लागते, आणि चुकल्यास दोष एकट्याने घेण्याची तयारी असावी लागते. बास्केटबॉलच्या संघात यांपैकी काय होते, हे तिनेच ठरवावे.

हवालदार_माणदेशी :

साहेबांनी थोरातांचे लिहिले ते बरे झाले. बेळगावच्या आमच्या केंद्रात थोरातांविषयी एक शब्द ऐकायला मिळाला नव्हता. कदाचित त्यांची पलटण वेगळी म्हणून असेल.

कृष्णाकाठ_६२ :

सर्वांचे मनापासून आभार. संपूर्ण धागा मी मुलीला वाचायला दिला. तिने रात्री जेवणानंतर तो वाचला आणि तिचे तीन मुद्दे आहेत, ते मी जसेच्या तसे देतो. हवालदारसाहेबांचा नाला तिला पटला. बास्केटबॉलविषयी प्रतापरावांशी तुलना तिला मान्य नाही, कारण प्रतापराव लढायला गेले आणि ती निघून आली, म्हणजे तिचे वागणे त्याहून वाईट होते, असे ती म्हणते. तिसरा मुद्दा प्रश्न आहे: आपले टिपण बाजूला टाकले गेले हे कळल्यावर थोरातांनी राजीनामा का दिला नाही?

जुनी_पलटण :

त्याच वर्षी, ऑगस्ट १९५९ च्या अखेरीस, थिमय्यांनी राजीनामा दिला होता. नेहरूंनी समजूत घातली, त्यांनी तो मागे घेतला, आणि नंतर संसदेत त्यांनाच चार शब्द ऐकून घ्यावे लागले. थोरातांनी ते जवळून पाहिले होते. राजीनामा दिला असता तर पूर्व विभाग आणि 'लाल किल्ला' दोन्ही दुसऱ्याच्या हाती गेले असते. त्यांच्या मनात काय होते ते मी सांगू शकत नाही. मी त्यांच्या जागी असतो तर याच कारणाने थांबलो असतो. हा प्रश्न तिने एसएसबीच्या मुलाखतीत कोणी विचारला नाही तरी जवळ बाळगावा.

कृष्णाकाठ_६२ :

तिला दाखवले. आता ती स्ववर्णनाचा सराव करीत बसली आहे. आई-वडिलांचे मत हा पहिला परिच्छेद तुम्ही धाग्यात लिहूनच ठेवला आहे, फक्त 'करारी' लिहू की 'हट्टी' ते नक्की करून सांगा, असे तिने मघाशी आतून विचारले. मी 'हट्टी' लिहायला सांगितले.

तिने विचारले, 'का?'